तणनाशकाला दाद न देणारी कपाशी

(खानदेशातील कापूस उत्पादकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय 'जैवतंत्रज्ञान आणि कापूस' असा ठरला आहे. विषय अफाट आहे आणि हाती वेळ थोडा आहे, म्हणून त्याच्या एकाच टोकाला हात घालावयाचा असे ठरवून मी आलो आहे. ते टोक म्हणजे एक पाकीट होय. कपाशीच्या लागवडीचे दिवस आले की जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या गावोगावी हे पाकीट हळूच येऊन पोहोचते. त्यावर काहीतरी नाव असते, पण ते दर वर्षी बदलते. उत्पादकाचा पत्ता एक तर नसतो, आणि असला तर शोधून सापडत नाही. विकणारा ते फळीवर मांडून ठेवीत नाही, त्याची पावती देत नाही, आणि किंमत मात्र सरकारने ठरवून दिलेल्या पाकिटापेक्षा अधिक घेतो. त्याचा गुण एका वाक्यात सांगितला जातो: 'तणनाशक मारा, तण जळेल, कपाशी उभी राहील.' लोकांनी त्याला 'चोरबीटी' हे नावही देऊन टाकले आहे. या पाकिटाविषयी पारावर सर्व जण बोलतात आणि व्यासपीठावर कोणीच बोलत नाही. आज आपण ते व्यासपीठावर उघडून पाहू.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, हे पाकीट घेणारा शेतकरी मूर्ख नाही आणि लबाडही नाही. त्याची अडचण खरी आहे. एकट्या जळगाव जिल्ह्यात कपाशीचे क्षेत्र सुमारे ५ लाख हेक्टरांच्या घरात असते. एवढ्या क्षेत्रावर पहिले दोन महिने कपाशी आणि तण यांची झुंज चालते. कपाशीचे रोप लहानपणी अत्यंत मंद वाढते, त्या मानाने तणाला घाई फार. या दोन महिन्यांत जो शेतकरी मागे पडला, त्याचे पीक पुढे कितीही खत घातले तरी सावरत नाही. त्यातच आषाढ-श्रावणात झड लागली की काळ्या जमिनीला आठ-आठ, दहा-दहा दिवस वाफसा येत नाही, बैलाचा पाय शेतात ठरत नाही आणि कोळपे बांधावर पडून राहते. वाफसा येतो तो सगळ्यांच्या शेतात एकाच दिवशी, आणि निंदणीला बायाही सगळ्यांना एकाच दिवशी हव्या असतात. सातपुड्याच्या पायथ्याची पावरा आणि भिल्ल कुटुंबे पूर्वी निंदणीला येत. आता त्यांनाही अन्यत्र कामे मिळतात, आणि ती मिळावीत हेच योग्य आहे. सालदार मिळणे तर दुर्मीळच झाले आहे.

आणखी एक गोष्ट खास आपल्याकडची. पूर्वी चौफुलीवर कपाशी लावली म्हणजे कोळपे उभेही चाले आणि आडवेही चाले. दोन झाडांमधले तणही त्यामुळे निघे आणि हाताने निंदण्यास थोडेच उरे. ठिबक सिंचनाने खानदेशाच्या शेतीला पाणी पुरवून दिले, त्याबद्दल दुमत नाही. परंतु ओळीओळीने नळ्या अंथरल्या की आडवी कोळपणी बंद पडते. म्हणजे पाणी वाचले आणि निंदणी वाढली. शेतीतील प्रत्येक सुधारणा आपल्यामागे एखादे नवे काम ठेवून जाते, हे अनुभवी शेतकऱ्याला सांगावयास नको.

आता या बियाण्यात असते काय ते पाहू. बाजारात 'ग्लायफोसेट' नावाचे तणनाशक आहे. त्याचा तणनाशक गुण १९७० मध्ये अमेरिकेतील मॉन्सॅन्टो कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ जॉन फ्रान्झ यांनी शोधला आणि १९७४ पासून ते विक्रीस आले. हिरव्या पानावर पडले की ते रसाबरोबर मुळापर्यंत उतरते. म्हणूनच हराळी आणि लव्हाळा यांसारखी, वरून कापली तरी खालून फुटणारी तणे त्याने मरतात. ते मारते कसे? वनस्पतीला आपली प्रथिने बनविण्यासाठी जी अमिनो आम्ले लागतात, त्यांपैकी तीन एका विशिष्ट रासायनिक मार्गाने तयार होतात. त्या मार्गावर एक विकर, म्हणजे एंझाइम, काम करते. ग्लायफोसेट त्या विकराला जाऊन चिकटते आणि त्याचे काम बंद पाडते. गिरणीत धान्य भरपूर आहे, पण जात्याची खुंटीच अडकली, अशी त्या झाडाची अवस्था होते आणि ते हळूहळू पिवळे पडून वाळते. हा मार्ग माणसांच्या व जनावरांच्या शरीरात नसतो. कपाशीत मात्र तो असतो. म्हणून साध्या कपाशीवर ग्लायफोसेट पडले तर तणाबरोबर कपाशीही जाते.

यावर शास्त्रज्ञांना तोड सापडली ती मोठ्या चमत्कारिक ठिकाणी. अमेरिकेतील लुईझियाना राज्यात ग्लायफोसेट बनविणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्याच्या यंत्रणेत काही जिवाणू सुखाने जगत असल्याचे आढळले. त्यांपैकी एका जिवाणूमध्ये तेच विकर थोड्या वेगळ्या घडणीचे होते. ग्लायफोसेटला त्याला चिकटताच येत नव्हते. त्या विकराचा जनुक काढून पिकाच्या पेशीत बसविण्यात आला. अमेरिकेत असे सोयाबीन १९९६ मध्ये आणि कपाशी १९९७ मध्ये शेतात आली. पहिल्या कपाशीत एक मोठी उणीव होती. रोप चार पानांचे होईपर्यंतच तिच्यावर फवारणी चाले. त्यानंतर फवारले तर पान हिरवे राही, पण पराग वांझ होत आणि कोवळी बोंडे गळत, कारण परागाच्या पेशींत तो नवा जनुक पुरेसा जोर धरीत नव्हता. ही उणीव दूर केलेली दुसरी पिढी तेथे २००६ मध्ये आली. तिच्यावर हंगामात पुढेही फवारता येते. आपल्याकडे चोरून येणाऱ्या बियाण्यात मूळ जनुक असतो तो या घराण्यातला.

येथे थोडे थांबून एक भेद स्पष्ट करतो, कारण पुष्कळ शेतकरी 'बीटी' आणि 'तणनाशक-सहनशील' ही एकाच गोष्टीची दोन नावे समजतात. बीटी कपाशी स्वतःच्या अंगात एक प्रथिन बनविते आणि ते खाऊन बोंडअळी मरते. तेथे झाड शत्रूपासून स्वतःचा बचाव करते. तणनाशक-सहनशील कपाशी कोणाचाही बचाव करीत नाही. आपण ओतलेले विष तिला बाधत नाही, एवढाच तिचा गुण. म्हणजे बीटीचा उपयोग शेतकरी झोपला असतानाही चालू असतो. या दुसऱ्या बियाण्याचा उपयोग, पंप पाठीवर घेतल्याशिवाय होतच नाही. बियाणे घेतले म्हणजे बाटलीही घेतली. या गुणाची किंमत ठरविताना पाकिटाच्या शेजारी बाटली ठेवूनच हिशेब मांडला पाहिजे.

कायद्याची स्थिती थोडक्यात सांगतो. जनुकीय बदल केलेल्या कोणत्याही बियाण्यास पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ आणि त्याखालील १९८९ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या समितीची मान्यता लागते. बीटी कपाशीला ती २६ मार्च २००२ रोजी मिळाली. दोन जनुकांची बीटी २००६ मध्ये आली. तणनाशक-सहनशील कपाशीचे परीक्षण आपल्या देशात झाले, अर्जही झाला. परंतु तंत्रज्ञान इतर कंपन्यांना देण्याच्या अटींवरून केंद्र सरकारशी वाद उत्पन्न होऊन २०१६ मध्ये अर्जदार कंपनीने तो मागे घेतला. त्यामुळे तिला व्यापारी लागवडीची मान्यता आजवर मिळालेली नाही. कागदावर ती देशात नाही. शेतात मात्र ती होती. २०१७ मध्ये केंद्राने पाहणी समिती नेमली, तेव्हा महाराष्ट्र, गुजरात, तेलंगण आणि आंध्र प्रदेश या राज्यांतील कपाशीच्या सुमारे १५ टक्के क्षेत्रावर ती असावी असा अंदाज पुढे आला. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी हे बियाणे उघडपणे पेरून सविनय कायदेभंग केला. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवे, ही त्यांची मागणी होती. त्या मागणीची टिंगल करणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांच्यात नाही. जगातील इतर कापूस उत्पादक देशांतील शेतकऱ्यांना जे मिळते ते मला का नको, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार शेतकऱ्याला आहेच.

'बीटीही आधी चोरवाटेनेच आली होती ना?' असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. होय, २००१ मध्ये आपल्या शेजारच्या गुजरातेत 'नवभारत १५१' नावाच्या वाणात बीटीचा जनुक असल्याचे उघडकीस आले होते, आणि ते पीक शेतात उभे होते. परंतु त्या वेळी अधिकृत बीटीच्या चाचण्या शेवटच्या टप्प्यावर होत्या आणि पुढील मार्चमध्ये मान्यता आली. चोरवाट काही महिन्यांची होती. येथे ती वर्षानुवर्षांची झाली आहे, आणि वर्षानुवर्षे चाललेल्या चोरवाटेवर जे घडावयाचे ते घडले आहे.

काय घडले? कपाशीचे बियाणे संकरित असते. १९७० मध्ये सुरतेस डॉ. सी. टी. पटेल यांनी 'एच-४' हा जगातील पहिला व्यापारी कापूस संकर दिला, तेव्हापासून आपण संकरित बियाण्याच्या जगात आहोत. संकराची पहिली पिढी एकसारखी येते. तिचे सरकीचे बी पुन्हा पेरले तर गुण फुटतात. काही झाडांत तणनाशक सहन करण्याचा गुण उतरतो, काहींत उतरत नाही. काहींत बीटीचा एक जनुक असतो, दुसरा नसतो. उंची वेगळी, फुलोरा वेगळा, कैरीचा आकार वेगळा. चोरबाजारात जिनिंगमधून निघालेले बी भरून विकणाऱ्याला कोण अडविणार? तो स्वतःच कायद्याबाहेर आहे, त्याला शुद्धतेची चाचणी कोणती? परिणाम असा होतो की शेतकरी विश्वासाने पंप मारतो आणि आठ दिवसांनी ओळीत तणाबरोबर चार-दोन झाडांआड एक कपाशी वाळलेली दिसते. वास्तविक पानाचा रस काढून कागदी पट्टीवर हा गुण आहे की नाही ते काही मिनिटांत पाहता येते. परंतु तशी पट्टी घेऊन चोरबीटी विकत घेणारा शेतकरी माझ्या पाहण्यात नाही.

अशा शेतकऱ्याने दाद कोठे मागावी? महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्यांसाठी स्वतंत्र अधिनियम केला. त्यात बियाण्याच्या किमतीवर नियंत्रण आहे, तशीच सदोष बियाण्याबद्दल भरपाई मागण्याची वाटही आहे. २०१७ मध्ये शेंदरी बोंडअळीने राज्यातील कपाशी पोखरली, तेव्हा लक्षावधी शेतकऱ्यांनी याच अधिनियमाखाली 'जी' नमुन्यात अर्ज भरले. त्यातून प्रत्येकाच्या पदरात काय आणि किती पडले, हा स्वतंत्र आणि कटु विषय आहे. पण अर्ज करता आला तो पावती होती म्हणून. बियाण्याचे नाव, लॉट क्रमांक, दुकानाचा परवाना यांतील एकही गोष्ट चोरबीटी घेणाऱ्याजवळ नसते. विकणाऱ्याला नफा मिळतो, तंत्रज्ञान बनविणारा 'हे माझे नव्हे' म्हणून मोकळा होतो, शासनाच्या दप्तरी ते बियाणे अस्तित्वातच नसते. आणि धोका तेवढा सात-बारावर नाव असलेल्या माणसाच्या वाट्याला येतो. या व्यवहारातील खरी हानी मला ही दिसते. तणनाशकाच्या परिणामांविषयी मतभेद होऊ शकतील, याविषयी होणार नाहीत.

आता समजा, उद्या मान्यता मिळाली, शुद्ध बियाणे पावतीसह दुकानात आले. मग प्रश्न मिटला काय? यासाठी थोडे दूर, अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात जावे लागेल. तेथेही कापूस आहे. तेथील शेतकऱ्यांनी ही कपाशी झपाट्याने स्वीकारली आणि वर्षानुवर्षे एकाच तणनाशकावर भिस्त ठेवली. पहिल्या काही वर्षांतच त्यांच्या शेतात एक तण बोकाळले, ज्यावर ग्लायफोसेट मुळात कमी चालते. इतर तणे मेली, जागा मोकळी झाली, आणि हे पसरले. ते तण मूळचे तेथील नव्हे, आशिया-आफ्रिकेकडून गेलेले. आपण त्याला ओळखता. तो आपला केना! ज्याच्या निळ्या फुलांकडे पाहून लहान मुले थांबतात, तो केना जमिनीच्या वर फुलतो तसाच जमिनीखालीही फुले धरतो आणि तेथेच बी तयार करतो. कांडी तुटली तर प्रत्येक पेराला मुळी फुटते. जॉर्जियात जो पाहुणा म्हणून गेला, तो खानदेशात घरमालक आहे. तेथे त्याला पसरावयास काही वर्षे लागली. आपल्या शेतात तो आजच बसलेला आहे.

दुसरे तण माठाच्या कुळातले. तेथील रानमाठाची एक जात २००५ पर्यंत ग्लायफोसेटला दाद देईनाशी झाल्याचे सिद्ध झाले. त्या माठाचे एक झाड लाखो बिया टाकते. लाखांत एखादे झाड उपजतच तणनाशक सोसणारे असते; बाकीची मेली की त्याचेच वंशज शेत व्यापतात. बोंडअळीच्या बाबतीत हेच आपण पाहिले आहे. गुजरातेतील शेंदरी बोंडअळी एका जनुकाच्या बीटीला पुरून उरल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले आणि पुढे तिने दोन जनुकांच्या बीटीलाही जुमानले नाही. निसर्गाला एकच शस्त्र वारंवार दाखविले की तो त्याची ढाल तयार करतो. जॉर्जियातील मोठमोठ्या यंत्रवान शेतकऱ्यांना अखेर मजूर लावून हाताने माठ उपटावा लागला. ज्या निंदणीतून सुटण्यासाठी सारे केले, ती निंदणीच दारात परत आली, आणि अधिक महाग होऊन आली.

त्यावर कंपन्यांनी नवा उपाय काढला: २,४-डी आणि डायकांबा ही दुसरी तणनाशके सोसणारी पिके. ही तणनाशके वाऱ्यावर वाहतात. २०१७ मध्ये डायकांबा उडून अमेरिकेत लक्षावधी एकर सोयाबीनची पाने चुरगळली आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत खटले उभे राहिले. आपल्याकडे हा अनुभव अगदीच नवा नाही. ज्वारी, मका किंवा ऊस यांत कोणी २,४-डी मारले आणि वारा कपाशीकडे फिरला, तर कपाशीची पाने भेंडीसारखी अरुंद आणि बोटे फुटलेली होतात. मग आपण विषाणू समजून कीटकनाशके मारीत सुटतो. आपले धारण लहान, बांधाला बांध लागलेला. रावेर-यावलकडे तर कपाशीशेजारीच केळीचे बाग. पाच-सात एकरांच्या गावशेतीत तणनाशक हा केवळ ज्याच्या त्याच्या शेताचा प्रश्न राहत नाही. पांझरेच्या खोऱ्यातील फड बागायतीची आठवण येथे होते. एका फडात सर्वांनी मिळून एकच पीक घ्यावयाचे, पाणी एकाच क्रमाने द्यावयाचे, असा तो शिरस्ता. पाण्याच्या बाबतीत आपल्या वाडवडिलांना जे समजले होते, ते औषधाच्या बाबतीत आपण अजून शिकावयाचे आहे. एकाच्या शेतातील दाद न देणाऱ्या तणाचे बी पावसाच्या पाण्याबरोबर खालच्या सर्वांच्या शेतांत जाते.

आरोग्याविषयी विचारणा होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये ग्लायफोसेट 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात घातले. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने तो निष्कर्ष मान्य केला नाही. हा वाद शास्त्रज्ञांचा आहे आणि तो मी एका भाषणात निकालात काढू शकत नाही. जे निर्विवाद आहे ते सांगतो. आपल्या देशात ग्लायफोसेटची नोंदणी चहाच्या मळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जागांसाठी झाली. उभ्या कपाशीसाठी नव्हे. २५ ऑक्टोबर २०२२ च्या केंद्रीय अधिसूचनेने तर त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला. तेव्हा चोरबीटीवर फवारणी करणारा एकदा नव्हे, दोनदा नियमाबाहेर जातो. आणि फवारणी करणारे हात कोणाचे, हेही पाहिले पाहिजे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती तणनाशके नव्हती, हे खरे. पण उघड्या अंगाने, वाऱ्याविरुद्ध, दोन-तीन औषधे मिसळून फवारण्याची जी सवय तेथे जीवघेणी ठरली, तीच सवय येथेही आहे.

निंदणी करणाऱ्या बायांचाही विचार या हिशेबात कोणी मांडीत नाही. निंदणीचा पैसा हा खेड्यातील स्त्रीच्या स्वतःच्या हाती येणारा थोडका पैसा. शिवाय ती जाताना घोळ, माठ, तांदुळजा यांची भाजी नेते आणि शेळीसाठी गवताचा भारा नेते. तिने आयुष्यभर वाकूनच राहावे, असे माझे म्हणणे नाही. कंबर मोडणारे काम यंत्राने झाले तर आनंदच आहे. परंतु शेतकऱ्याचा वाचलेला रुपया कोणाच्या पदरातून वाचला, हे तंत्रज्ञानाच्या ताळेबंदात लिहिले गेले पाहिजे. तसेच मूग-उडदाच्या आंतरपिकाचे आणि कपाशीतील तुरीच्या ओळींचेही लिहिले पाहिजे. ग्लायफोसेट मारलेल्या शेतात ती उभी राहत नाहीत. घरच्या डाळीची किंमत चोरबीटीच्या हिशेबात मी कोणाला धरताना पाहिलेले नाही.

मग करावयाचे काय? माझे मत असे आहे की या बियाण्याचा निर्णय लवकर आणि उघडपणे व्हावा. त्याच्या चाचण्या आपल्या काळ्या जमिनीत, आपल्या केन्याच्या आणि लव्हाळ्याच्या संगतीत व्हाव्यात आणि त्यांचे आकडे शेतकऱ्याला मराठीत वाचावयास मिळावेत. मान्यता द्यावयाची तर अटींसह द्यावी. नाकारावयाची तर कारणांसह नाकारावी. तणनाशक-सहनशीलता म्हणजे केवळ परदेशी कंपनीची मिरास, असेही मानण्याचे कारण नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने २०२१ मध्ये दोन बासमती वाण दिले, जे इमॅझेथापीर हे तणनाशक सोसतात. त्यांत बाहेरचा जनुक नाही, भाताच्याच जनुकातील बदल निवडून ते तयार केले आहेत. अर्थात तण दाद देईनासे होण्याचा धोका त्यांनाही आहे, तो जनुकाच्या कुळावर अवलंबून नसतो. तोपर्यंत निर्णयाच्या अभावाचा फायदा फक्त बिनपत्त्याचे पाकीट विकणाऱ्याला होत आहे, आणि भरारी पथकांनी कितीही पोती पकडली तरी मागणी असेतोवर तो दुसऱ्या वाटेने येणारच.

येत्या हंगामापुरते सांगतो. लागवडीनंतर, उगवण होण्यापूर्वी, जमिनीत ओल असताना पेंडिमेथॅलिन फवारले तर पहिल्या तीन-चार आठवड्यांचे तण बरेच आटोक्यात राहते आणि निंदणीची पहिली घाई टळते. त्यानंतर रुंद पानांच्या तणांसाठी पायरिथायोबॅक सोडियम आणि गवतवर्गीय तणांसाठी क्विझालोफॉप इथाइल ही उभ्या कपाशीत चालणारी, नोंदणी झालेली तणनाशके आहेत. मात्रा लेबलावर असते ती पाळावी. लव्हाळ्याला यांपैकी कोणतेच पुरे पडत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. त्याच्या गाठी उन्हाळी नांगरटीनंतर वेचाव्या लागतात. तणनाशकासाठी पंप वेगळा ठेवावा, विशेषतः २,४-डी ज्या पंपातून मारले तो कपाशीत आणूच नये, कितीही धुतला तरी. चपटा फवारा देणारे नोझल वापरावे आणि वारा पडलेला असताना सकाळी फवारावे. ठिबकच्या शेतात दोन नळ्यांमधून छोट्या यंत्राचे कोळपे चालेल इतके अंतर लागवडीच्या वेळीच राखावे. ते नंतर राखता येत नाही.

आणि पावती. ती घ्यावी, पाकिटाचा रिकामा पिशवीकागद आणि मूठभर बियाणे तिच्यासोबत हंगाम संपेपर्यंत कोनाड्यात ठेवावे. उगवण कमी झाली किंवा झाडे सरमिसळ निघाली तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार पीक शेतात उभे असतानाच करावी, म्हणजे तक्रार निवारण समितीला पंचनामा करता येतो. उपटून टाकलेल्या पऱ्हाटीचा पंचनामा होत नाही.

आता आपले प्रश्न ऐकावयास मी उत्सुक आहे.